खिशात शिवलेले तीस दिवस

"शर्ट काढा," मी म्हणाले.

प्रिंटवाल्याच्या हातातला कागद हातातच राहिला. दुकानात एक आजोबा ओळखपत्राची प्रत काढायला उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि काहीतरी आठवल्यासारखे पिशवी उचलून चालते झाले.

"इथे?" त्याने विचारलं.

"म्हणजे — तसं नाही. तुमच्या खिशात माझा पुरावा आहे."

नीट सांगते, नाहीतर तुम्हालाही वाटेल मुलगी हाताबाहेर गेली.

मी माझ्या मावशीच्या शिलाईच्या दुकानात काम करते. तीन वर्षं साठवलेल्या पैशांतून मी ऑनलाइन भरतकामाचं मशीन मागवलं. कंपनीच्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं — तीस दिवस वापरून बघा, नाही पटलं तर परत करा, एक पैसाही कापणार नाही. मशीन आलं आणि दर दहा टाक्यांना धागा तोडू लागलं. आल्यापासून बाराव्या दिवशी मी ते परत पाठवलं. उत्तर आलं : मुदत सात दिवसांचीच होती, चाळीस टक्के रक्कम हाताळणी शुल्क म्हणून कापली जाईल, अटी आपण मान्य केल्या आहेत. पान उघडून पाहिलं, तर खरंच सात. तीस कुठे नावालाही नाही. जणू मला स्वप्नच पडलं होतं.

ग्राहक तक्रार केंद्रात अर्ज केला. आज चार वाजता व्हिडिओवर सुनावणी होती. चाळीस टक्के गेले तर दुसरं मशीन येणार नव्हतं, आणि मी आणखी दोन वर्षं लोकांच्या पँटी आखूड करत बसणार होते.

खरं तर त्या पानाची प्रिंट मी काढली होती. मावशीचा स्क्रीनवर विश्वास नाही. "कागदावर दाखव, मग पैसे भर." कागद दाखवला, तिने मान हलवली. पुढे शिंप्याच्या दुकानात पाठकोऱ्या कागदाचं जे होतं तेच झालं. मावशीने त्याचे कापडावर ठेवून बेतायचे फर्मे कापले. आज सगळं दुकान उलथंपालथं केल्यावर एक तुकडा कॉलरच्या गठ्ठ्यात मिळाला, एक कफच्या. मधला चौकोन गायब.

"त्याचा मी खिसा कापला होता," मावशी म्हणाली. "त्या निळ्या शर्टाचा. लावलास तर तूच."

कागद आत ठेवून खिशाच्या कडा इस्त्रीने दाबायच्या आणि शिवायच्या आधी कागद काढून घ्यायचा. हे मी झोपेतही चुकत नाही. त्या दिवशी चुकले. आपल्याच हाताने आपला पुरावा शिवला आणि वर घडी घालून गिऱ्हाइकाला द्यायला मावशीकडे ठेवला.

"शर्ट कुणाचा होता, मावशी?"

मावशीला माणसं आठवत नाहीत, मापं आठवतात. "छाती अडतीस. उजवा खांदा जरासा उतरता."

तेवढ्यावर कुणाला शोधणार? निदान प्रिंटवाल्याच्या कॉम्प्युटरवर ते पान असेल, म्हणून धावत आले... तर समोर निळा शर्ट. उजवा खांदा जरासा उतरता.

"कॉम्प्युटरवर नसणार," तो म्हणाला. "गिऱ्हाइकांचे कागद मी रोज दुकान बंद करताना पुसतो. आणि शर्ट... काढला असता, पण आत बनियन फाटकी आहे."

"मग उभे राहा असेच. किती वाजले?"

"साडेतीन."

मी पर्समधली टाके उसवायची छोटी कात्री काढली. खिशातली दोन पेनं त्याने मुकाट्याने काढून दिली.

"हलू नका."

"नाही हलत."

"श्वास तरी घ्या."

"तुम्हीच म्हणालात, हलू नका."

एकेक टाका तुटत होता. माझं नाक त्याच्या दुसऱ्या बटणापासून वीतभर अंतरावर... गरम कागदाचा, शाईचा आणि साबणाचा वास. आणि त्या कागदामागे काहीतरी धडधडत होतं. मशीन असतं तर म्हटलं असतं, वेग कमी करा.

"शर्ट आज पहिल्यांदाच घातलाय. खिसा एवढा ताठ कसा, याचं मला कौतुक वाटत होतं," तो माझ्या डोक्यावरून कुठेतरी बघत म्हणाला. "म्हटलं, हाताची करामत आहे."

"करामत कसली. वेंधळेपणा आहे."

"मग... अजून एक शर्ट शिवायला टाकतो."

मी वर पाहिलं. त्याने घाईने छताकडे पाहिलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

चौकोन हातात आला. कडेने सुईच्या भोकांची रांग, आणि मधोमध, सुरकुतलेलं पण स्पष्ट — तीस दिवस. त्याने माझ्या हातातून तो अलगद घेतला, तिन्ही तुकडे काचेवर जुळवले आणि स्कॅन केले. फोन केल्यावर मावशीही आली, गळ्यात टेप, हातात गिऱ्हाइकाचा ब्लाऊज. चाराला पाच कमी असताना आम्ही तिघं त्याच्या कॉम्प्युटरसमोर दाटीने बसलो.

स्क्रीनवर एकीकडे तक्रार केंद्राच्या मॅडम, दुसरीकडे कंपनीचा माणूस. माणूस गोड बोलत होता. अटी बदलण्याचा हक्क कंपनीकडे राखीव आहे म्हणाला. मॅडमनी विचारलं, विकल्यानंतरसुद्धा? त्यावर तो म्हणाला, मुळात बदललेल्याच नाहीत. "आणि हा तीन तुकड्यांचा कागद काय, कुणीही बनवेल. प्रिंटवाला तर सहज."

"माझ्या मशीनमध्ये नोंद राहते," प्रिंटवाला म्हणाला. "पान पुसलं तरी नाव, तारीख, वेळ राहते. दाखवतो." त्याने दाखवलं. कंपनीच्या पानाचं नाव होतं. चार तारीख, अकरा वाजून दहा मिनिटं. मी मशीन मागवलं त्याच्या दोन तास आधी.

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "अर्जात लिहिलंय, दोन प्रती मागितल्या होत्या. इथे एकच दिसते."

कंपनीचा माणूस खुर्चीत पुढे सरकला. "बघा, इथेच विसंगती आहे."

मी दोनच मागितल्या होत्या — एक मावशीला, एक मला. प्रिंटवाल्याने एकच दिली होती.

"दोनच मागितल्या होत्या," प्रिंटवाला म्हणाला. "मीच एक काढली. शाई संपली म्हणालो, उद्या येऊन दुसरी न्या म्हणालो."

"शाई संपली होती?"

"नाही."

"मग?"

मावशीने ब्लाऊज मांडीवर ठेवला.

"साक्षीदाराने उत्तर द्यावं," मॅडम म्हणाल्या.

"मग... त्या उद्या आल्या असत्या ना."

माझे कान इतके तापले की त्यांच्यावर कॉलरला इस्त्री झाली असती.

"आल्या का?" मॅडमनी विचारलं. हे सुनावणीला गरजेचं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

"नाही. एकदम पंधरा दिवसांनी आल्या, मशीन परत पाठवायचं लेबल छापायला. तेव्हा रडवेल्या होत्या. तेव्हा काय बोलणार?"

"हा साक्षीदार तर पक्षपाती आहे," कंपनीचा माणूस म्हणाला.

"आहेच," मॅडम म्हणाल्या. "पण पक्षपाती माणसाने दोन काढल्या असत्या आणि आज छाती पुढे काढून दाखवल्या असत्या. यांनी स्वतःचीच फजिती सांगितली. तुम्ही असं करा, चार तारखेला तुमच्या पानावर काय होतं, त्याची तुमच्याकडची नोंद आत्ता दाखवा."

माणसाने आवाज बंद केला. त्याचे ओठ हलत राहिले, कुणाला तरी फोन लागला. सात मिनिटांनी तो परत बोलायला लागला : विशेष बाब म्हणून कंपनी पूर्ण रक्कम परत करत आहे.

"विशेष बाब नाही, अटीप्रमाणे," मॅडम म्हणाल्या. "तसंच लिहा. उद्यापर्यंत."

स्क्रीन काळी झाली. मावशीने ब्लाऊज उचलला, दारात थांबली. "छाती अडतीसच आहे अजून," एवढंच बोलून गेली.

"दुसरी प्रत दिली असतीत," मी म्हणाले, "तर मला आज एवढी धावाधाव करावी लागली नसती."

"माहीत आहे. राग आला?"

"आला."

"किती?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि हसूच आलं, आवरेना. तोही हसायला लागला, उसवलेल्या खिशावर हात ठेवून.

"परवा बाजारातून मशीन आणायचंय," मी म्हणाले. "जड असतं. एकटीला उचलत नाही."

"किती वाजता निघायचं?"

"दहाला. आणि... तुम्ही-बिम्ही म्हणू नकोस."

ठरल्या दिवशी तो नऊलाच दारात उभा होता. मी आठपासून तयार होते.