ऋताची ओळ

"चौदा पानं. साधे काळे प्रिंट," तो म्हणाला.

कुळगावच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात लोक आधार कार्ड घेऊन येतात. हा मात्र कॉम्प्युटरचा कोड घेऊन आला होता. पहिलं पान गरम गरम बाहेर आलं आणि मी थबकले.

"शेडर आहे ना? आठव्या ओळीत एकच्या पुढे दशांशचिन्ह राहिलंय. चालणार नाही."

त्याने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे… "तुम्हाला येतं?"

"व्हिडिओ बघून शिकतेय."

"मी पण."

शेडर म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला 'तू हा रंग घे' असं सांगणारं छोटंसं गणित. त्याचं नाव बुद्धभूषण, अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरीला होता. दर रविवारी तो दुकानात यायचा आणि माझ्या कॉम्प्युटरवर आम्ही शेडर लिहून बारवी धरणाचं पाणी पडद्यावर हलवायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

मग ऋता आली. म्हणजे आली नाही — पुण्यात बसून ऑनलाइन शेडर शिकवायची त्याला.

"ऋता म्हणाली, लाटांवर फेस हवा."

"बारवी पाहिलंय का तिने कधी?"

"जळतेस?"

"मी? काहीही."

तो चहा आणायला गेला आणि मी ऋताने दिलेली ओळ पुसली. सगळं पाणी काळं पडलं. आधी बरं वाटलं… मग ओळ परत टाकायला गेले, तोवर तो चहा घेऊन आला.

दोन रविवार तो चूक शोधत बसला. गणितात मधे कुठला आकडा आला, हे शेडरला विचारता येत नाही; तो आकडा रंग म्हणून पडद्यावर टाकून बघावा लागतो. पडदा लाल व्हायचा, हिरवा व्हायचा, परत काळा.

"जाऊ दे," शेवटी तो म्हणाला. "ऋतालाच पाठवतो. ती पूर्ण करेल."

"नको." माझा आवाज चढला. "तिची ओळ मी काढली."

"माहितीये."

"कधीपासून?"

"चहा घेऊन आलो तेव्हापासून. मी घातलेली ओळ गायब झालेली मला दिसणार नाही?"

"मग दोन रविवार काय शोधत होतास?"

"तू कधी सांगतेस, ते बघत होतो." तो कीबोर्डकडेच बघत होता. "आणि… का काढलीस, ते."

"दिवसभर ऋता, ऋता. माझं नाव घेतोस कधी एवढं?"

"करिष्मा," तो हळूच म्हणाला. मग पुन्हा, "करिष्मा."

"आवडतोस मला. झालं समाधान?"

त्याने माझा हात धरला. तेवढ्यात एक काकू मार्कशीट घेऊन दारात उभ्या.

"झेरॉक्स चालू आहे का?"

"चालू आहे, काकू," बुद्धभूषण म्हणाला. हात त्याने सोडला नव्हता. "पाच मिनिटं बसा."