अकरा धुतलेल्या बाटल्या

"चोरी म्हणावी, तर बाटल्या जागच्या जागी आहेत," द्राक्षमळ्याची मालकीण म्हणाली. "फक्त रिकाम्या. आणि धुतलेल्या."

तिच्या नवऱ्याने शेवटच्या हंगामात रिस्लिंग जातीच्या द्राक्षांची पांढरी वाईन बारा बाटल्यांत भरली होती. बायकोच्या पंचाहत्तरीला उघडायची, असं सांगून तो वारला. त्याला वीस वर्षं झाली. पंचाहत्तरी परवावर आली होती. बारावी बाटली तिच्या कपाटात होती, म्हणून वाचली.

गुप्तहेर बाईंनी तळघरातली एकेक बाटली नाकाशी धरली. "साबण. भाऊजी, नासधूस करायला आलेला माणूस बाटल्या घासत बसेल?"

"पुरावा पुसला असेल, वहिनी," टिपणं घेणारा त्यांचा दीर म्हणाला.

थोरला मुलगा वाईन बनवायचं काम बघत होता. "मळा विकावा असं मला वाटतं, आईला नाही. म्हणून बाबांच्या हातची वाईन ओतून देईन? नवी असते तेव्हा हिला लिंबा-सफरचंदाचा वास. मुरली की पार बदलते. नवख्याला नाही झेपत."

धाकटी मुलगी अठराव्या वर्षी घर सोडून गेली होती, ती आठवड्यापूर्वीच परतली होती. "मी होते तेव्हा आम्ही ताजीच प्यायचो," ती म्हणाली. भावाने आईसाठी आणून ठेवलेली कॉफी तिने बोलता बोलता बेसिनमध्ये ओतली आणि नवी करायला घेतली.

"गार झाली होती," ती म्हणाली. ओतताना कपातून वाफ निघत होती.

"मुलगाच," दीर बाहेर येऊन कुजबुजला. "मळा विकायचाय त्याला."

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांसमोर बारावी बाटली उघडली. दिराने ग्लास हुंगला आणि खुर्ची मागे सरकवली.

"वहिनी, यात रॉकेल आहे."

"थेंबभरही नाही. रिस्लिंग वर्षानुवर्षं मुरली की तिला असाच वास येतो. यांना विचारा."

मुलाने मान डोलावली. बाई मुलीकडे वळल्या.

"मुरलेली तुम्ही कधी चाखलीच नव्हती. एक बाटली उघडलीत, रॉकेलचा वास आला. घरात मळ्यावरून भांडण चालूच होतं. भाऊ आईच्या जिवावर उठलाय असं वाटून सगळ्या ओतल्यात, आणि विषाचा अंशही उरू नये म्हणून साबणाने घासल्यात. वाफाळती कॉफीही त्याच भीतीने ओतलीत."

"मग सांगितलं का नाही?" आईने विचारलं.

"सांगितलं असतं, तर हा तुरुंगात गेला असता."

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. "मी आईला विष देईन, असं वाटलं तुला?"

"वाटलं, दादा."

मग त्याने ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि तिच्यापुढे सरकवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.