हजार टाक्यांतला एकच जीव

वेंगुर्ल्याच्या प्रवाळ-संशोधन केंद्रात एक ओळखकक्ष होता. घरी मत्स्यालय ठेवणारे लोक तिथे छायाचित्रं पाठवून विचारत, हा मासा कोणता, हे प्रवाळ कोणतं. डॉ. इरा केळुसकर या कक्षाच्या प्रमुख होत्या. त्या आठवड्यात मात्र जवळजवळ प्रत्येक चित्रात एकच गोष्ट दिसत होती: केशरी झुंबर नावाचं प्रवाळ, आणि तेही पांढरं पडलेलं.

केशरी झुंबर समुद्रातून केव्हाच नाहीसं झालं होतं. पाणी तापत गेलं आणि इराच्या जन्माआधीच त्याची शेवटची वसाहत मेली. उरलं ते फक्त लोकांच्या दिवाणखान्यांत, काचेच्या टाक्यांत. नाशिक, कोची, ओसाका, लिस्बन. पाणी वेगळं, दिवे वेगळे, निगा राखणारे हात वेगळे. तरी मरण सगळीकडे एकदमच सुरू झालं होतं.

"रोग नाही सापडत," जनुकतज्ज्ञ अरहान मुकादम म्हणाला. "म्हातारपण आहे हे."

"सगळ्यांना एकाच वेळी?"

"सगळे नाहीतच, इरा. एकच आहे. प्रवाळाचा तुकडा कापून दुसऱ्या टाकीत लावला की तो वाढतो. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे झुंबर असंच एकमेकांना दिलं. पण तुकडा म्हणजे नवं पिल्लू नव्हे. पेशींवरून वय सांगणारं आपलं जनुकघड्याळ प्रत्येक नमुन्याचं वय एकच दाखवतंय. परवा कापलेला नखाएवढा तुकडासुद्धा मूळ प्रवाळाइतकाच म्हातारा आहे. एकच प्राणी हजारो घरांत राहतोय आणि त्याचं आयुष्य संपलंय."

इराने पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा तपासले. "नवा जन्म मिळाला, तरच घड्याळ शून्यापासून सुरू होणार."

"त्याला जोडीदार हवा. स्वतःचं बीज स्वतःच्या अंड्याला चालत नाही. शिवाय वसाहत पूर्ण वाढलेली हवी. लहान तुकडा अंडी धरत नाही. आपल्या मोठ्या टाकीतलं झुंबर कुणी कापलं नाही म्हणून ते या पौर्णिमेनंतर अंडी सोडेल. शेवटचीच. पण जोडीदार आणायचा कुठून?"

इराने ओळखकक्षातर्फे आवाहन केलं: ज्यांचं झुंबर अजून केशरी आहे, त्यांनी कळवावं. उत्तर एकच आलं, मिरजेहून. तन्मय कुरणे, चष्म्यांचे दुकानदार आणि तिथल्या मीनमित्र मंडळाचे अध्यक्ष.

त्यांच्या घरात शिरताच इरा थबकली. अर्धी टाकी व्यापून बसलेलं एवढं मोठं झुंबर तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या फांद्यांतून दोन विदूषक मासे आतबाहेर करत होते.

"सायलीचं हे," कुरणे म्हणाले. "माझी बायको. कुणी तुकडा मागितला की म्हणायची, जितं जनावर आहे, मेथीची जुडी नव्हे. मंडळातल्या लोकांना राग यायचा. मलासुद्धा."

इराने नमुना घेतला. सोबत आणलेल्या यंत्राने दुपारपर्यंत निकाल दिला. दिसायला हुबेहूब, पण हा दुसराच जीव होता.

"मग न्या की एक फांदी," कुरणे म्हणाले. "जगासाठी सायलीपण नाही म्हणाली नसती."

"फांदी चालणार नाही, काका. अख्खं लागेल. आणि खरं सांगते, प्रवासाने किंवा अंडी सोडण्याच्या ताणाने ते मरू शकतं."

कुरणे खुर्चीत बसले. "ती गेल्यापासून सकाळचा चहा मी याच्यासमोर बसून घेतो. बोलतोसुद्धा याच्याशी. लोकांना सांगू नका."

"तुम्ही विचार करा. मी उद्या येते."

"नको. उद्या मी नाही म्हणेन. आत्ताच न्या." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त एक करा. पिल्लं झाली तर एक मला द्या. मंडळाच्या लोकांनाही थोडी द्या. सगळ्यांच्या टाक्या रिकाम्या झाल्यात."

इराने शब्द दिला.

पौर्णिमेनंतरच्या एका संध्याकाळी केंद्रात, सूर्य बुडाल्यावर, दोन्ही झुंबरांतून अंडी-बीजाचे गुलाबी दाणे सुटले आणि पृष्ठभागाकडे निघाले. कुरणे काचेला टेकून उभे होते. काही दिवसांनी पाण्यात डिंभ, म्हणजे प्रवाळाची पोहणारी पिल्लं, फिरू लागले आणि हळूहळू दगडांना चिकटले. हजारो नवे जीव, प्रत्येक वेगळा. तोवर जगभरातलं जुनं झुंबर संपलं होतं. कुरण्यांचं झुंबर आणखी थोडे दिवस टिकलं. मग तेही एका कडेपासून पांढरं होत गेलं. इराने फोन केला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं."

पिल्लं वाटाण्याएवढी झाल्यावर कुरणे वेंगुर्ल्याला आले. जीपमध्ये मंडळाचे थंड डबे होते. इराने तयार ठेवलेलं पिल्लू त्यांच्या हातात दिलं, पण अरहान दाराशी घुटमळत होता.

"काय झालं, बाळ?" कुरण्यांनी विचारलं.

"काका, ही सगळी एकाच संध्याकाळी जन्मली. घड्याळं एकत्रच सुरू झालीत, म्हणजे एकत्रच थांबतील."

"म्हणजे पुन्हा असंच होणार?"

"घराघरांत एकेकटी ठेवली, तर हो. कितीही जपा, कितीही तुकडे करा, वय एकच. इथं शीतकुंडात ती शेजारी-शेजारी वाढली, तर मोठी होऊन आपापसांत बीज देतील. मग दरवर्षी नवी जन्मतारीख. त्यांचे आईबाप तर गेले. आता ही मुलंच काय ती."

"हजारातलं एक गेलं तर बिघडतं का?"

"एकाने नाही बिघडत," अरहान म्हणाला. "मंडळाला दिली तरीही नाही. पण मग नाशिक मागेल, कोची मागेल. टाक्या त्यांच्याही रिकाम्याच आहेत."

"मी शब्द दिलाय, काका," इरा म्हणाली. "तुमचं तुम्ही घेऊन जा. तुमचा हक्क आहे."

कुरण्यांनी खिशातून फोन काढला. मंडळाचे चिटणीस पलीकडून उत्साहाने काहीतरी विचारत होते.

"नाही मिळत," कुरणे म्हणाले. "कुणालाच नाही. आल्यावर सांगतो का ते. नाही, माझ्यासाठीही घेतलं नाही."

मग ते खाडीकाठच्या शीतकुंडाकडे चालत गेले. यंत्रांनी थंड ठेवलेल्या त्या पाण्याखाली खडकांवर केशरी ठिपके पसरले होते. त्यांनी बाही वर केली, वाकून दोन पिल्लांच्या मधली मोकळी जागा शोधली आणि हातातलं पिल्लू तिथं नीट टेकवलं.

"इतकं जवळ चालेल ना?" त्यांनी विचारलं.

"चालेल," इरा म्हणाली.

त्यांनी हात मात्र लगेच पाण्याबाहेर काढला नाही.