अकरा ठोके

त्यांच्या बँडमध्ये गाणारं कुणी नव्हतं. "गायक घेतला की त्याचं डोकंही सांभाळावं लागतं," असं गिटारवाला म्हणायचा. म्हणून बावीस वर्षं, सहा अल्बम, तिघांनी नुसतं वाजवलं. सुरुवातीला ऐकणारे वाजवणाऱ्यांपेक्षा कमी असत. मग सभागृहं भरली, आणि हळूहळू रिकामीही झाली. कार्यक्रम संपायचा तो वीस मिनिटांच्या एका रचनेने. तिच्या मधोमध तिघंही एकदम थांबत, मनातल्या मनात अकरा ठोके मोजत आणि बाराव्याला तुटून पडत.

गिटारवाला गेल्या वर्षी गेला. त्यानंतर कीबोर्डवाली सरावाच्या खोलीकडे फिरकली नाही. ड्रमर, म्हणजे या दोघांचा ठोक्या, रोज दुपारी तळघरातल्या त्या खोलीत एकटाच येऊन बसे. घरी तरी कोण वाट बघत होतं? समोर दोन जागा रिकाम्या असत.

वेळ जावा म्हणून त्याने जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज लावली. पहिल्या वर्षी ती शांतता अकरा ठोक्यांची होती. पाचव्या वर्षी तेरा. शेवटच्या कार्यक्रमात एकतीस. आणि दरवेळी तिघंही एकाच क्षणी सुरू झाले होते, तसूभरही फरक नाही.

त्याने कीबोर्डवालीला फोन लावला.

"मधल्या शांततेनंतर खूण कोण द्यायचं गं?"

"तूच की."

"मी तर गिटारवाल्याकडे बघायचो."

"तो डोळे मिटून घ्यायचा. म्हणायचा, ठोक्या देतो ना, मग मी कशाला बघू?" तिने आवाज खाली आणला. "वहिनी सांगत होत्या, हॉस्पिटलात शेवटचे दोन दिवस त्याने हात वर धरला होता. खाली घेईचना. ऐक माझं, ते एकट्याने वाजवू नकोस."

त्याने वाजवलं. दुसरं कोण होतं वाजवायला?

मधोमध थांबला. काठ्या वर. अकरा झाले. एकतीस झाले. खूण आली नाही.

हात खाली येईनात.

फोन वाजून वाजून बंद पडला. छताजवळच्या झरोक्यातलं ऊन ड्रमवरून सरकत भिंतीवर गेलं.

दार उघडलं. कीबोर्डवाली, धापा टाकत, पर्स अजून खांद्यालाच. तिने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पावलं न वाजवता ती आपल्या स्टुलावर जाऊन बसली. बोटं पट्ट्यांवर अधांतरी धरली. तिचे ओठ हलू लागले.

तिला 'जा' म्हणायला हवं होतं. जीभ तेवढी त्याच्या ताब्यात होती.

तो बोलला नाही. तिची साथ सुटू नये म्हणून त्याने पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.