पिंपरवाडीचे नासके कॅन

"बाई, जरा लवकर या. आज गाव धनगराच्या वस्तीला आग लावंल!"

पिंपरवाडीच्या दूध सोसायटीचे चेअरमन आकाराम फोनवर जवळजवळ ओरडतच होते. दूध संघाच्या पशुवैद्य विजयमाला निकम यांनी सांगलीच्या कचेरीतून जीप काढली ती थेट पिंपरवाडीजवळच्या शीतकेंद्रावर, जिथं आसपासच्या गावांचं दूध तपासून थंड केलं जाई.

सत्त्याहत्तरचा हिवाळा. म्हशी भरपूर दूध देत होत्या आणि केंद्राच्या आवारात कॅनची रांग लागली होती. पण पिंपरवाडीचे कॅन मात्र बाजूला, भिंतीकडेला काढून ठेवलेले. रोज तेच चाललं होतं. गावात चांगलं असलेलं दूध केंद्रावर येईस्तोवर नासायचं आणि परत फिरवलं जायचं.

"नेमकं काय होतं?" विजयमालाबाईंनी विचारलं.

केंद्राचा तपासनीस नाथाजी आपली दाट काळी दाढी कुरवाळत म्हणाला, "बघाच तुम्ही."

त्याने टेबलाच्या खणातून काचेची एक नळी काढली, तीत थोडं दूध घेतलं आणि नळी उकळत्या पाण्यात धरली. बघता बघता दुधाच्या गुठळ्या झाल्या.

"आणि बाकीच्या गावांचं?"

"एकदम ठणठणीत."

बाईंनी कॅनमधलं घोटभर दूध पिऊन पाहिलं. वास नाही, आंबटपणा नाही.

"चवीला तर गोड आहे."

"आंबायला नुकती सुरुवात झालेली असली की जिभेला कळत नाही, बाई. तुम्हाला मी काय सांगायचं!"

ते खरंच होतं. पण एवढ्या थंडीत दूध आंबावं, तेही एकाच गावाचं? आकारामांकडे त्याचं उत्तर तयार होतं. त्यांनी आवाराच्या टोकाला बसलेल्या माणसाकडे बोट केलं.

"ह्यो धुळा. मेंढरामागं फिरणारी ही माणसं, परवापरवा म्हशी घेतल्या. म्हशीच्या दुधात मेंढीचं दूध घालतोय, दुसरं काय! म्हून त्येचं दूध घेणं बंद केलंय."

धुळा उठून उभा राहिला.

"मेंढरं कवाच इकली, बाई. आता चार म्हशी हायत, तेवढ्याच."

"तुझं दूध कधीपासून घेत नाहीत?"

"परवापास्नं. वस्तीवरचं थेंबभर घेत न्हाईत."

"मग काल आणि आज दूध का नासलं?"

बाईंनी आकारामांकडे पाहिलं. ते घुटमळत म्हणाले, "कॅनला लागलं आसंल की त्येचं!"

"कॅन इथं वाफेवर धुतले जातात, चेअरमन."

पण आकारामांच्या चेहऱ्यावरचा संशय काही हलला नाही. एवढ्या सगळ्यांच्या पोटावर पाय आला होता आणि त्यांना कोणीतरी गुन्हेगार हवा होता. ते एकच बोलले, "उद्याबी दूध परत आलं तर सोसायटीला कुलूप लागतंय बघा."

हात धुवायला बाई खिडकीपाशी गेल्या. तिथे साबणाशेजारी तुरटीचा मोठा खडा पडला होता.

"ते दाढीचं सामान आहे, सरकवा बाजूला," नाथाजी मागून म्हणाला.

तेवढ्यात एक टेम्पो आला. दोन गड्यांनी नासके कॅन उचलून त्यात चढवले. झाकण उघडून कोणी आत डोकावलंसुद्धा नाही.

"हे कुठं चाललं?"

"हंबीररावांच्या खव्याच्या भट्टीवर," नाथाजी म्हणाला. "पडेल भावात घेतात. निदान ओतून तरी द्यावं लागत नाही."

बाईंनी टेम्पोमागे जीप सोडली.

भट्टी मिरजेच्या रस्त्याला होती. लांबलचक चुलाणावर कढया रटरटत होत्या. मघाचेच कॅन त्यांत रिकामे झाले. बाई एका कढईशी उभ्या राहिल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. दूध उकळून वर आलं, खाली बसलं, आटायला लागलं. कुठे एक गुठळी नाही.

"या, या बाई!" हंबीरराव हसतमुखाने पुढे आले. "खवा घ्या की थोडा."

"नासकं दूध असं उकळतं कसं हो?"

हंबीररावांचं हसू क्षणभर अडखळलं. "चिमूटभर सोडा टाकतो जी आमी."

"मी आल्यापासून तरी कोणी टाकला नाही."

"आदीच टाकलेला आसतो."

बाईंनी खवा तोंडात टाकला. सोड्याचा मागमूस नव्हता. लोण्यासारखा मऊ, गोड खवा.

"पिंपरवाडीचं दूध पूर्वी तुमच्याकडंच यायचं ना?"

"सगळं. सोसायटी झाली आन् गाव फिरलं." हंबीररावांनी कढईत उलथनं फिरवलं. "फिरंल परत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा ट्रक यायच्या आधीच विजयमालाबाई केंद्रावर हजर होत्या. शेजारच्या माळवाडी गावाच्या दुधाची तपासणी झाली आणि नाथाजीने ते पास केलं. तो आत वळताच बाईंनी आकारामांना हाक मारली, एक धुतलेला कॅन पुढे ओढला आणि माळवाडीचं तेच पास झालेलं दूध त्यात ओतायला लावलं. कॅनवर लाल रंगात 'पिंपरवाडी' लिहिलेलं होतं.

"आवं बाई, ह्ये काय..."

"आता काही बोलू नका. नुसतं बघा."

नाथाजी बाहेर आला. खणातून नळी काढली, त्या कॅनमधलं दूध घेतलं, उकळत्या पाण्यात धरलं. गुठळ्या झाल्या.

"नासकं," त्याने मान हलवली. "आजही परत."

"नाथाजी," बाई शांतपणे म्हणाल्या, "हे दूध माळवाडीचं आहे. आत्ता तुम्हीच पास केलेलं."

नाथाजीचा हात खणाकडे गेला, पण बाईंनी खण आधीच ओढला होता. आतल्या प्रत्येक नळीच्या तळाशी पांढुरकी खपली वाळली होती. बाईंनी मांडणीवरची दुसरी नळी घेतली, ती सगळ्यांसमोर विसळली, त्याच कॅनमधलं दूध घेऊन उकळलं. दूध जसंच्या तसं राहिलं.

"दूध कधी नासलंच नव्हतं," त्या आकारामांकडे वळल्या. "नासत होतं ते फक्त या नळीत. तुरटीच्या दाट पाण्याचे थेंब नळीत वाळवून ठेवायचे. वरून दूध घालून तापवलं की ते फुटणारच. बाकीच्या गावांना मांडणीवरच्या नळ्या, तुम्हाला खणातल्या."

"पण तुमास्नी संशय कशानं आला?"

"धुळाचं दूध बंद केलं तरी फरक पडला नाही. म्हणजे खोट वस्तीवर नव्हती. हंबीररावांचे गडी झाकण न उघडता कॅन नेतात. आंबलेल्या दुधाचा खवा आंबट होतो. कोणता भट्टीवाला चव न बघता ते घेईल? ज्याला ते चांगलं असल्याचं आधीच ठाऊक आहे, तोच. नळीत फुटलेलं दूध मी कढईत निवांत उकळताना पाहिलं. मग उरली ती नळी, आणि नळी धरणारा."

त्या नाथाजीसमोर उभ्या राहिल्या.

"खिडकीतली तुरटी दाढीसाठी म्हणालात. नाथाजी, तुम्ही शेवटची दाढी कधी केलीत?"

नाथाजीचा हात आपसूक गालाकडे गेला.

"हंबीररावांनी भट्टीत भागीदारी देतो म्हटलं होतं," तो पुटपुटला. "म्हणाले, एक सोसायटी मोडली की बाकीची गावं आपोआप येतील."

बाईंनी संघाला आणि पोलिसांना फोन लावला. हंबीररावांना भट्टीवरूनच उचलल्याची खबर दुपारी आली.

पण आकारामांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. "बाई, जीप जरा वस्तीकडनं घेता का?" ते हळूच म्हणाले.

वस्तीवर धुळाची बायको हरणाबाई म्हशी पिळत होती. जीप पाहून ती उठली नाही. आकारामांनी पागोटं हातात घेतलं आणि घडलेलं सगळं सांगितलं. तिने धार पुरी होऊ दिली, मग मान वर केली.

"म्हंजी आमचं दूध चांगलं हाय, ह्ये त्या नळीनं सांगितल्यावर पटलं व्हय तुमाला? आमी सांगत हुतो, तवा न्हाई पटलं."

"चुकलं आमचं," आकाराम म्हणाले. "सांजच्याला दूध घिऊन येशील न्हवं, हरणाबाई?"

"यीन. पर पैलं माझ्या चरवीतलं दूध तुमी प्यायचं. समद्या गावासमोर. मग मापाला घालीन."

गोठ्याशी उभा असलेला धुळा अवघडून पुढे झाला. "आगं, चेअरमन हायत ते..."

"ऱ्हाऊ दे, धुळा," आकाराम म्हणाले. त्यांनी पागोटं डोक्यावर चढवलं. "बरोबर बोलतीया ती. सांजंला पारावर पितो."

विजयमालाबाईंनी जीप सुरू केली नाही. सांगली गाठायला उशीर होणार हे दिसत होतं. पण ते दूध पारावर प्यायलं गेलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या पिंपरवाडीतून हलणार नव्हत्या.