सतरा नंबरची तूर

वाटूर फाट्यावर नेहल एसटीतून उतरली आणि अवकाळी भुरभूर सुरू झाली. चहाच्या हॉटेलाच्या पत्र्याखाली एक भरलेलं पोतं दिसलं. तिनं ओढणीनं कपाळ टिपलं आणि त्या पोत्यावर बसकण मारली.

"मॅडम, जरा उठता का?"

समोर एक तरुण उभा होता. केस भिजलेले, हातात ताडपत्री.

"कामून?"

"तुम्ही माझ्या तुरीवर बसल्या."

"तूर काय काच आहे फुटायला?"

"काच बाजारात मिळते," तो पोत्यावर ताडपत्री पांघरत म्हणाला. "ही पाच वर्षांत एवढीच झाली."

नेहल उठली. चिडायला हवं होतं, पण त्याचं ते हळुवार पांघरणं पाहून हसूच आलं. कुठं निघालात, असं त्यानं विचारलं. परतूर रस्त्यावरच्या तूर संशोधन केंद्रात, असं तिनं सांगितलं. तो तिथलाच निघाला. अवधूत, नवे वाण तयार करणारा.

"आमच्याकडं आज नवीन गणितवाल्या मॅडम येणार आहेत. लई कडक आहेत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"कुणीच न्हाई. आत्ता बघून राह्यलो ना."

मोटारसायकलवर पुढे अवधूत, मागे नेहल आणि मध्ये पोतं, अशी तिची नोकरी सुरू झाली.

जालन्याच्या धान्याच्या व्यापाऱ्याची ही लेक दुकानाच्या गादीपेक्षा संख्याशास्त्रात रमली होती. इथं तिचं काम तसं सरळ होतं. तुरीची उभी झाडं वाळवणाऱ्या मर रोगाला पुरून उरेल असा वाण केंद्रातल्या गटाला हवा होता. परतूर, वाटूर, तीर्थपुरी धरून पाच गावांत चाळीस वाण पेरून झाले होते. आकडे हातात होते. चैत्रातल्या बैठकीत जो वाण खरा ठरणार नाही, त्याचं काम कायमचं बंद.

आल्या आल्या तिनं गटाच्या लाडक्या वाणावर काट मारली. परतूरच्या शेतात नऊ नंबर असा काही चमकला होता की गटानं पेढेही वाटले होते.

"चाळीस जणांना नाणं उडवायला लावा," ती म्हणाली. "बहुतेक वेळा कुणा ना कुणाचा लागोपाठ पाच वेळा छापा पडतो. म्हणून त्याला नाणं उडवायची कला आली, असं असतं का? चाळीस ठिकाणी शोधलं तर एखादं नशिबानंच चमकतं. बाकीच्या चार गावांत नऊ नंबरनं काय केलं?"

काहीच केलं नव्हतं. गटप्रमुख वामनसरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पेढे तर पचले. आता कुणाचा नंबर?"

अवधूतचा सतरा नंबर कुठंच पहिला नव्हता. पण पाचही गावांत तो जुन्या वाणापेक्षा थोडा थोडा सरस होता. एकट्या गावाच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. पण पाच गावचे पाच साक्षीदार, एकमेकांना न भेटता, तेच पुटपुटले तर कान द्यावा लागतो. अशी पुटपुट एकत्र तोलायची पद्धतही असते. ती नेहलनं आकडे उघडण्याआधीच ठरवून सगळ्यांना सांगितली होती. चाळिसांतून एक निवडायचा, म्हणून चाळणी बारीक ठेवली होती.

दुपारी अवधूत डबा घेऊन यायचा. ती कांदा-लसूण खात नाही हे कळल्यावर एक दिवस त्यानं ठेच्याची वाटी पुढं सरकवली.

"बिनलसणाचा. आई म्हणली, याला ठेचा म्हणायचं का?"

"मंग काय सांगितलं?"

"सांगितलं… की हाफिसात एकीला असाच लागतो."

"एकीला?"

"पाणी घ्या," अवधूत म्हणाला, "तिखट आहे." त्यानं नजर अशी चुकवली की तिखट कुणाला लागलं ते कळेना. नेहलनं वाटी चाटूनपुसून साफ केली.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिनं सतरा नंबरचा हिशोब केला. ठरलेल्या पद्धतीत तो बसला नाही… अगदी थोडक्यात राहिला. तिनं पुन्हा आकडे उघडले. तीर्थपुरीच्या शेतात पाणी साचलं होतं, ते वगळून बघू. नाही. फुलोऱ्याची तारीख धरून बघू. नाही. मोठ्या शेतांना जास्त वजन देऊन बघू… बसला!

ती खुर्चीतून उठलीच. आनंदानं खिडकीपाशी गेली. बाहेर अवधूत बियाणं उन्हात पसरत होता. त्यानं मान वर केली, तिचा चेहरा पाहिला आणि तोही हसला.

तिथंच तिचं हसू विरलं. हवं ते मिळेपर्यंत शोधत राहायचं, हीच तर ती सगळ्यांना शिकवलेली चूक. गप्प राहिली तर कुणालाही कळणार नव्हतं. बोलली तर त्याची पाच वर्षं तिच्याच तोंडून बुडणार होती. तिनं संध्याकाळभर स्वतःशी भांडण केलं आणि त्यात गप्प राहू पाहणारी ती हरली.

बैठकीत ती उभी राहिली.

"सतरा नंबर चौथ्या पद्धतीत पास होतो. पण ठरलेली पद्धत पहिली होती, तिच्यात न्हाई बसला. पुढच्या तिन्ही मी… पास व्हावा म्हणून लावल्या. हा निकाल धरू नका."

अवधूतकडे बघायचं तिला धाडस झालं नाही.

वामनसरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाचही गावं एकाच बाजूला झुकलीत, म्हणून एक हंगाम अजून देऊ," ते म्हणाले. "नवी पेरणी, नवे आकडे, पद्धत एकच. आणि नेहल, सतरा नंबरचा हिशोब तू करायचा न्हाई. संभाजीनगरच्या गणितवाल्या चिन्मयीकडं पाठवू."

कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. नेहलचे कान तापले.

ती बाहेर आली तर अवधूत व्हरांड्यात उभा होता.

"रागावलात?"

"एक विचारायचंय," तो शांतपणे म्हणाला. "बाकीच्या वाणांचा हिशोब किती पद्धतींनी केला?"

ती पुटपुटली, "एकाच."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

अवधूत कठड्याला टेकला. "सतरा बसला न्हाई याचं वाईट वाटून राह्यलं, खोटं कशाला बोलू. पण मॅडम… आजवर माझ्यासाठी असं कुणी चुकलं न्हवतं."

नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं?

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "तुमच्या मनात काय आहे ते बघायच्या आधीच सांगून टाकते. नंतर मला बदलता येणार न्हाई."

त्यानं तिचा हात हातात घेतला. बियाण्याच्या कामानं त्याची बोटं खरखरीत झाली होती.

"माझ्या बी मनात तेच आहे," अवधूत म्हणाला. "कवापासून."

हा निकाल मात्र पुढच्या हंगामावर गेला नाही.