दुपारचे निरोप

जेवणाआधी निरोपांची वेळ झाली की एर्ना बारिया चुलीवरचं पातेलं बाजूला सरकवायची, हात पुसायची आणि फडताळावरच्या रेडिओचा आवाज वाढवायची. पुएर्तो अरायानमध्ये घराघरात हेच चाले. डोंगरात फोन लागत नाही. मेंढ्या घेऊन वर कुरणावर गेलेल्या माणसाला काही कळवायचं, तर ते गावच्या रेडिओवरूनच. ‘बेलिसारियो बारियासाठी, तलावापलीकडच्या कुरणावर. आईचं ऑपरेशन नीट पार पडलं. करडा घोडा घेऊन शुक्रवारी खाली ये. निरोप धाडणारी, बहीण एर्ना.’ वरून उत्तर द्यायची सोय नव्हती. माणूस खाली आला की निरोप पोचला असं समजायचं.

हे निरोप एलेआसार ओयार्सून वाचायचा. एर्नाचे केस काळे होते तेव्हापासून तोच. बाळ झालेलं, म्हातारा गेलेला, मीठ संपलेलं, सगळं एकाच सावकाश, कोरड्या सुरात. त्या आवाजात सांगितलेलं मरणसुद्धा जरा सोसण्यासारखं वाटे. एर्नाच्या आईचं मरण बेलिसारियोला त्यानेच सांगितलं होतं.

मग दूर राजधानीतल्या कुठल्याशा कंपनीने रेडिओ विकत घेतला आणि माणसं कमी करायला सुरुवात केली. आधी बातम्या देणारी बाई गेली, मग यंत्रं सांभाळणारा गेला, मग एलेआसार. त्याच्या जागी शहरातून एक तरुण आला. त्याला इथली आडनावं वाचता येईनात. तो नुसतं ‘एका काकांसाठी’ म्हणायचा. त्याच्यानंतरच्या मुलीला घोड्यांच्या रंगांचं हसू यायचं. तिच्यामागून आणखी कोण कोण येऊन गेलं. नाव पाठ व्हायच्या आत आवाज बदलायचा. शेवटी माणूसच नको झालं. राजधानीत आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला कार्यक्रम लागू लागला. त्यात एक गोड गळ्याची बाई भुयारी रेल्वेतल्या गर्दीबद्दल सांगायची. पुएर्तो अरायानला बससुद्धा रोज येत नव्हती.

एलेआसारला त्या वेळेला स्वतःच्या घरी बसवेना. तो एर्नाकडे यायचा, चुलीशेजारी बसून माते, म्हणजे तिकडचा कडू पानांचा चहा, प्यायचा. इतर वेळी बोलका माणूस, पण निरोपांची वेळ झाली की त्याचा घसा बसायचा. आधी नुसता घोगरा. मग काही दिवसांनी त्या अर्ध्या तासात आवाजच फुटेना. एर्ना म्हणायची, रुसलेत. नवऱ्याचा रुसवा तिने तीस वर्षं काढला होता. हा शेजाऱ्याचा कशाला काढायचा, म्हणून ती मुद्दाम त्याच वेळी त्याला प्रश्न विचारायची. तो ओठ हलवायचा आणि खिडकीबाहेर बघत राहायचा.

त्याच सुमारास गावातल्या नोल्फाचा नवरा घोडे घेऊन बरोबर सुनेच्या बाळंतपणाच्या दिवशी खाली उतरला. नोल्फाने निरोप धाडलाच नव्हता, धाडणार कुणाकडे? योगायोग, असं एर्ना म्हणाली. नोल्फाही तसंच म्हणाली, पण जरा थांबून.

शरद ऋतूच्या अखेरीला नदीला पूर आला आणि झुलत्या पुलाची पलीकडची तार अर्धी तुटली. नगरपालिकेची माणसं आली. त्यांनी अलीकडे साखळी लावली, पाटी लावली, परत गेली. पलीकडे पाटी कोण लावणार? त्यासाठी पूल ओलांडावा लागला असता. आणि येणारी माणसं तर पलीकडूनच येणार होती. बेलिसारियो गुरुवारी उतरणार होता. सकाळच्या धुक्यात तो घोड्याचा लगाम हातात धरून सरळ फळ्यांवर चढला असता.

एर्ना रेडिओच्या कचेरीत गेली. तिथे यास्ना होती, उरलेली एकटी.

“मावशी, निरोप घ्यायला इथे आहे कोण? मी फक्त जाहिराती लावते.”

“मग तूच वाच. चार ओळी आहेत.”

“माईक नेला त्यांनी.”

“माईक नेला?”

“आधी माईक, मग खुर्ची. हे स्टूल मी घरून आणलंय.”

काचेपलीकडची खोली रिकामी होती. टेबलावर एक काळी पेटी आणि तिच्यावर हिरवा दिवा. यास्नाने राजधानीतल्या कचेरीला फोन लावून दिला. तिथल्या यंत्राने एर्नाला आधी तिचा विषय निवडायला सांगितलं. त्या विषयांत भाऊ नव्हता, पूलही नव्हता.

ती तणतणत घरी आली. रेडिओवर गोड बाई गाड्यांबद्दल बोलत होती आणि एलेआसार चुलीशेजारी बसला होता.

“त्यांनी काढलं तेव्हा तुमच्या जागी मी असते ना, तर कचेरीचं दार लावून आत बसले असते,” एर्ना म्हणाली. “तुम्ही त्यांनी कापलेला केक खाऊन घरी आलात. आता माझा भाऊ बुडेल आणि तुम्ही माते प्या.” मग तिने हातवारे करत सगळं सांगितलं. साखळी, पाटी, धुकं, गुरुवार.

तो ओठ हलवत होता. या वेळी तिने नीट पाहिलं. तो तिला उत्तर देत नव्हता. सावकाश, मध्येच थांबत, कागद समोर धरल्यासारखा तो काहीतरी म्हणत होता. मानेची शीर उठत होती, बसत होती. आवाज नव्हता.

“पुरे आता ही सोंगं,” ती म्हणाली.

गुरुवारी पहाटेपासून ती साखळीशी उभी होती. पलीकडचा काठ दिसत नव्हता. ती हाका मारत राहिली, आणि पाण्याच्या गर्जनेत तिच्या हाका तिलाच ऐकू येईनात. धुकं विरलं तेव्हा पूल रिकामा होता. फळ्यांवर कुणाची खूण नव्हती. वाहून गेलेल्याची तरी कुठे असते?

बेलिसारियो शुक्रवारी दुपारी उशिरा आला, मागच्या रस्त्याने, तलावाला वळसा घालून. चिखलाने माखलेला, पण धडधाकट. एर्नाने आधी त्याला शिव्या घातल्या, मग ती रडली, मग तिने त्याच्यापुढे रस्सा ठेवला.

“पूल तुटला हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी म्हणजे? तूच निरोप धाडलास ना.” त्याने चमचा चुलीशेजारी बसलेल्या एलेआसारकडे रोखला. “यांनी वाचला. तुम्हाला परत घेतलं ते बरं झालं, काका. त्या पोरांचं काही कळायचं नाही. तुम्ही म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखे.”

एर्नाने एलेआसारकडे पाहिलं.

त्याने मान हलवली. नाही.

तो काहीतरी सांगू पाहत होता. निरोपांची वेळ केव्हाच टळून गेली होती. ओठ हलले, गळा हलला, आणि स्वयंपाकघरात चुलीतल्या लाकडांच्या तडतडीशिवाय काही ऐकू आलं नाही.

मग एक आवाज ऐकू आला. दाराशी टाकलेल्या खोगिराच्या पिशवीतून.

“रेडिओ चालू ठेवलास?” एर्ना हळूच म्हणाली.

“बॅटऱ्या कालच संपल्या.”

सावकाश, कोरडा आवाज.

‘एलेआसार ओयार्सूनसाठी, एर्ना बारियाच्या स्वयंपाकघरात. नदीपलीकडे घोडा बांधून ठेवला आहे. सामान नको. निरोप धाडणारा, एलेआसार ओयार्सून.’

डोंगरातली माणसं आपला निरोप ऐकताना एकटी असली तरी मान डोलावतात, समोर कुणी उभं असल्यासारखी. एलेआसारने मातेचं भांडं खाली ठेवलं आणि मान डोलावली.